हेतूचा रकाना

भारतातल्या कुणालाही परदेशी जायचे झाले, तर त्याच्या हाती जी निळी वही पडते ती आमच्या नाशिकरोडच्या छापखान्यात छापलेली असते. पोस्टाची तिकिटे, मुद्रांक आणि पासपोर्ट ही त्या छापखान्याची रोजची कामे. आमच्या आळीतली तीन माणसे तिथून निवृत्त झाली. लाखो लोकांच्या परदेशगमनाची सोय त्यांनी केली. पण तिघांपैकी एकानेही स्वतःचा पासपोर्ट काढलेला नाही. हलवायाच्या घरी गोडाचे कौतुक नसते म्हणतात, तशातलाच हा प्रकार.

आमच्या घरीही त्या वहीचे कुणाला कौतुक नव्हते. मी एका शाळेत चित्रकला शिकवते. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. कागदावर ते एस.एस.सी. आहे, पण माझे सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, ते अजून मॅट्रिकच म्हणतात आणि मलाही तोच शब्द आवडतो. त्यात एखादी नदी ओलांडल्याचा आवाज आहे. पुढे चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम केला, नोकरी लागली, आणि रात्री पोरे झोपल्यावर लिहून लिहून तीन कादंबऱ्या झाल्या. त्यांतल्या दोन खपल्या; निदान प्रकाशकांनी तसे कळवले. माझ्या कादंबऱ्यांतली माणसे फार तर मनमाडपर्यंत जातात. तेव्हा चीन हा विषय माझ्या वाट्याला येण्याचे काही कारण नव्हते. तो आला तो मुलीमुळे.

ती कॉलेजात इतिहास शिकते. त्यांच्या विभागाने येत्या मे महिन्यात चीनची पंधरा दिवसांची अभ्याससहल काढायचे ठरवले आहे. अठरा मुलेमुली आणि दोन प्राध्यापक. भारत आणि चीन यांच्यामधली थेट विमाने २०२० मध्ये बंद पडली होती, ती ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून त्यांच्या सरांच्या डोक्यात हे घोळत होते. पालकांची सभा झाली. सभा संपल्यावर सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही लेखिका. प्रस्तावाचे बाकी सगळे आम्ही बघतो. तेवढा ‘सहलीचा हेतू’ हा रकाना तुम्ही भरून द्या. एक पान पुरे.”

एक पान पुरे, असे लेखकाला सांगणारा माणूस कधी एक पान लिहायला बसलेला नसतो.

नमुन्यादाखल त्यांनी दुसऱ्या कुठल्याशा सहलीचा मजकूर दिला होता. त्यात सांस्कृतिक देवाणघेवाण होती, जागतिक दृष्टी होती, व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास तर होताच. मुलीने तो माझ्या खांद्यावरून वाचला आणि ती म्हणाली, “आई, यात चीन काढून सिंगापूर घातले तरी चालेल.” तिने दुसरे शहर घालून पाहिले, तेही चालले. मग मी तो कागद बाजूला ठेवला. जो हेतू कुठल्याही गावाला लागू पडतो तो कुठल्याच गावाचा नसतो. लग्नपत्रिकेतला ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ हा मजकूर कसा कुणालाच बोलावत नाही, तसा.

मग मनात आले, याच वाटेने उलट्या दिशेने जो आला, त्याचा हेतू काय होता?

शाळेत आपण सगळ्यांनी ह्युएन त्संगाचे चित्र पाहिलेले असते: पाठीवर बांबूची उतरंड, तिच्यावर छत्री, पायांत वहाणा. चित्रकलेच्या तासाला मी ते कितीदा मुलांकडून काढून घेतले आहे. पण तो निघाला कसा, हे मी आता नीट वाचले. त्या काळी चीनच्या बादशहाने देशाबाहेर जायला मनाई केली होती. या भिक्षूने परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मग इसवी सन ६२९ च्या सुमारास तो लपतछपत, रात्रीच्या वेळी सरहद्दीची ठाणी चुकवत बाहेर पडला. वाळवंटात त्याची पाण्याची पिशवी हातून निसटून सांडली. तरी तो पुढेच गेला. एवढे सगळे कशासाठी, तर चीनमध्ये असलेल्या बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. मूळ ग्रंथात नेमके काय म्हटले आहे, ही त्याची शंका होती. तिथल्या पंडितांना तिचे उत्तर देता येईना, म्हणून तो नालंदेला येऊन शीलभद्रांपुढे विद्यार्थी म्हणून बसला. सोळा-सतरा वर्षे देशाबाहेर काढून ६४५ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्याबरोबर वीस घोड्यांवर लादलेले ६५७ ग्रंथ होते. ज्या बादशहाचा हुकूम मोडून तो गेला होता, त्यानेच त्याचे स्वागत केले.

या प्रवासात तो आपल्याकडेही आला. ६४१ च्या आसपास तो महाराष्ट्रात होता. दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. त्याने पाहिलेली राजधानी कोणती, यावर विद्वानांचे एकमत नाही. कुणी बदामी म्हणतात, कुणी पैठण. फ्लीटसाहेबांनी मात्र ती नाशिक असावी असे म्हटले होते, आणि मी नाशिककर असल्यामुळे मला फ्लीटसाहेबांचेच पटते. तो लिहितो की इथली जमीन सुपीक आहे, माणसे उंच, साधी आणि मानी आहेत. उपकार करणाऱ्याचे उपकार ती विसरत नाहीत, आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. पण सूड घ्यायचा झाला तर शत्रूला आधी सूचना देतात, त्याला शस्त्र उचलायला अवधी देतात, आणि मग लढतात. कुणी संकटात मदत मागायला आला तर स्वतःचे भान विसरून धावतात. उत्तरेचा हर्षवर्धन एवढा बलाढ्य राजा, पण त्यालाही ही माणसे नमली नाहीत, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे.

हे वाचताना छाती थोडी फुगतेच. पण मग लक्षात येते, तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचे आपण कसे होतो हे आपल्याला एका चिनी माणसाच्या वहीतून कळते. आपल्या राजाने ताम्रपट दिले, देवळे बांधली, प्रशस्ती कोरल्या. पण आपली माणसे साधी आहेत, मानी आहेत, हे कुणी आपल्याला लिहून ठेवले नाही. त्याला परक्याचाच डोळा लागला. आणि त्यांच्याबद्दल आपण काय लिहिले? त्या वहीची परतफेड आपण कितीशी केली?

अगदीच केली नाही असे नाही. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक असलेल्या पु. वि. बापटांनी चिनी भाषा मुद्दाम शिकून घेतली. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ त्यांनी चिनी भाषांतरातून वाचला, पालीतल्या ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिला, आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक १९३७ मध्ये निघाले. ह्युएन त्संग जी शंका घेऊन इकडे आला, साधारण त्याच जातीची शंका घेऊन आपला एक मास्तर चिनी पोथीकडे गेला होता. पुढे १९४७ मध्ये वसंत परांजपे हा तरुण पेकिंग विद्यापीठात शिकायला गेला. १९४९ ची क्रांती त्याच्या डोळ्यांदेखत झाली. नंतर तो परराष्ट्रसेवेत शिरला आणि १९५४ मध्ये पंडित नेहरू चीनला गेले तेव्हा दुभाषा म्हणून मधे बसला. दोन देशांचे सर्वांत मोठे पुढारी बोलत आहेत आणि दोघांचे शब्द एका मराठी मुलाच्या तोंडून जात आहेत, हे चित्र मला फार वेळ सोडीना.

आणि द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचा मुलगा, मुंबईत डॉक्टर झालेला. जपानने चीनवर आक्रमण केले होते. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले आणि सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे चौघे यथाकाल परतले. कोटणीस राहिले. चिनी शिकले, चिनीतून विद्यार्थ्यांना शिकवू लागले, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांनी तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान हिच्याशी लग्न केले. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मूल तीन-चार महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने ते गेले. वय बत्तीस. शिच्याच्वांग शहरात त्यांची समाधी आहे, पुतळा आहे. आमच्या पिढीपर्यंत ते पोचले ते शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटातून. पण माझ्या मुलीच्या वर्गातल्या अठरांपैकी अकरा जणांनी ते नाव या सहलीच्या निमित्ताने पहिल्यांदा ऐकले.

या तिघांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट दिसते. कुणीही नुसते पाहायला गेले नव्हते. प्रत्येकाजवळ एक काम होते, आणि त्या कामासाठी आधी परकी भाषा गिरवण्याची तयारी होती. आता पंधरा दिवसांत कुणी चिनी शिकणार नाही, ग्रंथ आणणार नाही, कुणाचे प्राण वाचवणार नाही. मग पंधरा दिवसांच्या मापाचे काम कोणते?

प्रवासकंपनीने जो कार्यक्रम आखून दिला होता त्यात पंधरा दिवसांत सहा शहरे होती. आमचे यजमान एस.टी.त वाहतूक नियंत्रक आहेत. त्यांनी तो कागद चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, “ही सहल नव्हे, ही लांब पल्ल्याची जलद गाडी आहे. थांबे लिहिलेत, पण उतरायला वेळ ठेवलेला नाही.” मग त्यांनीच पेन्सिल घेतली. मोठमोठ्या बाजारांची दोन शहरे गेली, आणखी एक गेले, आणि शेवटी तीनच राहिली. बीजिंग, कारण परांजपे तिथे शिकले. शिच्याच्वांग, कारण कोटणीस तिथे आहेत; बीजिंगहून जलद गाडीने ते तासा-सव्वा तासावर. आणि शीआन, कारण तिथे ह्युएन त्संगाने आणलेल्या पोथ्या ठेवण्यासाठी ६५२ मध्ये बांधलेला रानहंसाचा मनोरा अजून उभा आहे. सरांनी हा नवा कार्यक्रम मान्य केला. कंपनीच्या माणसाने मात्र, “बाजार नाही म्हणजे मुले नाराज होतील,” असे दोनदा बजावले.

दुसरी पालकसभा तापली. माणशी खर्च पावणेदोन लाखांच्या घरात जात होता. एका गृहस्थांनी विचारले, एवढ्या पैशांत इथेच एक वर्षाची शिकवणी होते, मग कशाला जायचे? दुसऱ्यांनी आठवण दिली की २०२० मध्ये चीनमध्ये वैद्यकी शिकणारी आपली हजारो मुले साथीमुळे घरी परतली आणि मग २०२२ पर्यंत त्यांना परत जाताच आले नाही. असे काही झाले तर? तिसऱ्या बाईंना कुणीतरी सांगितले की आपले व्हॉट्सॲप तिकडे चालत नाही. त्यावर सभेत जो हलकल्लोळ झाला तो खर्चाच्या आकड्यावरही झाला नव्हता. शाकाहाराचे काय, हा प्रश्न त्यामानाने शांतपणे निघाला; मेतकूट, चटण्या आणि दशम्या यांवर आमच्या बायकांचा फार विश्वास आहे.

पैशांचा प्रश्न खोटा नव्हता. आमच्या घरी एकच मोठी ठेव आहे, ती मुलीच्या लग्नासाठी म्हणून तिच्या जन्मापासून थोडी थोडी साठवलेली. माझ्या तिन्ही कादंबऱ्यांचे मानधन एकत्र केले तर मुंबईच्या विमानतळापर्यंतची गाडी होईल. त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोललो. शेवटी हे म्हणाले, “लग्नाला अजून नवरा ठरायचा आहे. सहलीची तारीख तरी ठरली आहे.” ठेव मोडायची ठरले. पण ज्या मुलांच्या घरी मोडायलाही ठेव नव्हती, त्यांचे काय? अशी पाच मुले होती.

तेव्हा मला पांडवलेणी आठवली. दरवर्षी शाळेच्या मुलांना मी तिथे चित्रे काढायला नेते. दहाव्या लेण्यात उषवदात याचा लेख आहे. हा नहपान क्षत्रपाचा जावई. त्याने लेणे दिले आणि त्याबरोबर ३००० कार्षापणांची कायमची ठेवही दिली. ती ठेवली कुठे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. गोवर्धन म्हणजे आपले गंगापूरजवळचे गाव. एका श्रेणीकडे २००० महिना शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज होते २४०, आणि त्यातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. हिशोब अगदी चोख. आणि हे भिक्षू कुठले? चारी दिशांकडून येणारे, कुठलेही. आपल्याच गावचे असावेत अशी अट नाही. शेजारच्या सतराव्या लेण्याचा दाता तर स्वतःच उत्तरेकडून आलेला यवन, इंद्राग्निदत्त. अनोळखी वाटसरूला कापड मिळावे म्हणून आमच्या गावच्या विणकरांनी दोन हजार वर्षांपूर्वी व्याज भरले आहे.

हे मी सभेत सांगितले. भाषण म्हणून नव्हे, हिशोब म्हणून. सगळे थोडा वेळ गप्प राहिले. मग पिंपळगावच्या एका द्राक्षबागायतदारांनी, ज्यांची मुलगी सहलीला जाणार आहे, विचारले, “पाच मुलांचे किती होतात?” आकडा सांगितला. “द्राक्षे निघाल्यावर अर्धे माझे,” ते म्हणाले. उरलेल्या अर्ध्याची फोड करायला मात्र तीन सभा लागल्या; दोन हजार वर्षांत श्रेणींची पद्धत बरीच बिघडली आहे.

आता एवढे सगळे झाले, पण घरात एका माणसाने अजून तोंड उघडले नव्हते.

आबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. देवळालीला तोफखान्याचे शिक्षण घेऊन ते फौजेत गेले आणि १९६२ च्या लढाईत नेफामध्ये, सेला खिंडीच्या बाजूला होते. त्या वर्षी दिवाळी लढाई चालू असतानाच आली होती. नोव्हेंबरात सेला सोडून माघार घ्यावी लागली, तेव्हा त्यांची तुकडी पांगली, आणि हे भूतानच्या जंगलातून दिवसच्या दिवस चालत खाली उतरले. अंगावर सुती गणवेश होता आणि पायांत कॅनव्हासचे बूट. डाव्या पायाची दोन बोटे त्या चालण्यात गेली. हे सगळे मला सासूबाईंनी सांगितले. आबांनी कधी नाही. जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले, त्या आठवड्यात ते दूरदर्शन बंद करून अंगणात बसत आणि कुणी आले तर पावसाविषयी बोलत.

सहलीचे नाव निघाल्यापासून ते जेवायला आमच्या आधी बसू लागले. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, “तुमची मुलगी आहे, तुम्ही ठरवा. मला विचारू नका.” न विचारता पाठवणे आमच्या घरात शक्य नव्हते, आणि विचारणे त्यांनीच बंद केले होते. मुलगी म्हणाली, “आबा नको म्हणाले तर मी जाणार नाही.” तिचा आवाज ऐकून मला कळले की ती खरेच जाणार नाही.

तिने एक केले. रोज संध्याकाळी ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. त्या दिवशी वर्तमानपत्र संपल्यावर तिने ह्युएन त्संगाचा महाराष्ट्रावरचा मजकूर वाचला. मी आत पोळ्या लाटत होते. माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, हे झाले. शत्रूला आधी सूचना देतात आणि मग लढतात, हे झाले. आबा ऐकत होते. ती थांबली तेव्हा ते म्हणाले, “आमच्याकडे कुणी सूचना देऊन आले नव्हते.”

एवढेच. मग उठून ते आत गेले. पण साठ वर्षांत त्या लढाईबद्दल त्यांच्या तोंडून निघालेले ते पहिले वाक्य मी ऐकले.

इकडे माझ्या रकान्यात अजून काही उमटले नव्हते. मी सरांना म्हटले, हेतू मी कसा लिहू? मी तर जाणार नाही. जी जाणार त्यांना विचारा. प्रत्येकाने एकच प्रश्न लिहून द्यायचा. असा की ज्याचे उत्तर इथे बसून मिळत नाही, आणि पंधरा दिवसांत तिथे एखाद्या माणसाला विचारता येईल. सरांना कल्पना आवडली, पण मुले म्हणून लगेच लिहिनात. आलेले पहिले प्रश्न भिंतीची लांबी आणि लोकसंख्या यांचे होते. ते मी परत पाठवले. दुसऱ्या खेपेला मात्र घराघरांतले प्रश्न येऊ लागले. लासलगावच्या मुलाने लिहिले, “तिकडे कांद्याचा भाव कोण ठरवतो, आणि पडला तर शेतकरी कुठे जाऊन ओरडतो?” येवल्याच्या एका मुलीचे घर पैठणीच्या मागावर चालते, तिने लिहिले, “कोशातून रेशीम उकलणाऱ्या बाईला दिवसाचे किती मिळतात, आणि तिने स्वतः रेशीम कधी नेसले आहे का?” एकीला तिथल्या कॉलेजच्या वसतिगृहात मुलींना रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहता येते ते हवे होते. एकाला कोटणीसांच्या समाधीवर फुले कोण ठेवतो ते. ज्यांची मोडायला ठेव नव्हती त्या पाचांतला एक मुलगा वीटभट्टीवर वाढलेला, त्याचा प्रश्न होता, “माझ्यासारख्या बापाचा मुलगा तिथे इतिहास शिकतो का, की त्याला दुसरे काही शिकायला लावतात?” माझ्या मुलीने लिहिले, “ह्युएन त्संगाने आमच्याबद्दल जे लिहिले, ते तुम्हाला शाळेत शिकवतात का?”

अठरा प्रश्न झाले. मी ते एकाखाली एक उतरवून काढले, अक्षर जरा नीट केले, आणि रकान्यात तेवढेच ठेवले. वर एक ओळ लिहिली: सहलीचा हेतू खालील प्रश्न विचारून उत्तरे लिहून आणणे हा आहे. सर म्हणाले, व्यवस्थापन मंडळ कदाचित सांस्कृतिक देवाणघेवाण शोधील. शोधू दे, मी म्हटले.

हे करताना मला त्या भिक्षूची आणखी एक गोष्ट सापडली होती. परतीच्या वाटेवर सिंधू नदी ओलांडताना त्याची नाव हेलकावली आणि काही पोथ्या आणि फुलांचे बी पाण्यात गेले. चीनला पोचून वर्षे लोटली, तो भाषांतरात बुडून गेला होता, तरी ती यादी त्याच्या मनातून गेली नाही. मगधातल्या त्याच्या ओळखीच्या भिक्षूंनी त्याला पत्र आणि भेट म्हणून पांढरे कापड पाठवले. वाट लांबची आहे, म्हणून भेट लहान आहे, असे त्यांचे म्हणणे. ६५४ मध्ये त्याने उत्तर धाडले, आणि त्यात बुडालेल्या ग्रंथांची नावे लिहून विनंती केली की कुणी येणार असेल तर त्याच्याबरोबर एवढे पाठवून द्या. मुलीला मी हे सांगितले तेव्हा आबा पलीकडच्या खोलीत होते. त्यांना ऐकू कमी येते, निदान आम्ही तसे समजतो.

गेल्या आठवड्यात मुलगी प्रश्नांचा कागद घेऊन ओसरीवर बसली होती. कुठला प्रश्न कुठल्या गावी विचारायचा याच्या खुणा करत होती. आबांनी कागद मागितला. चष्मा लावून त्यांनी सगळे प्रश्न वाचले, सावकाश, बोट ठेवून. कांद्याचा वाचून मान हलवली. मग कागद तिच्याकडे देऊन म्हणाले, “खाली जागा आहे, लिही.”

तिने पेन घेतले.

“माझ्या वयाचा म्हातारा सैनिक कुठे भेटला, त्या बाजूला असलेला, तर त्याला विचार. तुम्हाला बूट कसले दिले होते?”

तिने लिहिले. एकोणिसावा. वर मान न करता तिने विचारले, “आबा, आणखी काही?”

“नाही. एवढेच.” ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “आणि उत्तर पत्राने कळव. फोनवरचे मला ऐकू येत नाही.”